जॅझ ऐकायचंय? एका अल्बमपासून सुरुवात करा आणि नावं धरून पुढे जा

जॅझ ऐकावंसं वाटलं आणि शोधायला गेलं, की 'शंभर सर्वोत्तम अल्बम' अशा याद्या समोर येतात. त्या चुकीच्या नसतात, पण नवख्या माणसाच्या उपयोगाच्याही नसतात. त्यांत १९२८ सालच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डशेजारी १९७० सालचा दीड तासाचा, विजेच्या वाद्यांनी भरलेला अल्बम असतो. दोन्हींना जॅझ का म्हणायचं, हे कुणी सांगत नाही. माणूस चार ठिकाणी चाखून बघतो आणि 'आपल्याला यातलं कळत नाही' म्हणून सोडून देतो.

मी हिंदुस्थानी संगीत ऐकत ऐकत जॅझकडे आलो. त्या वाटेनं येणाऱ्याला काय पटकन भिडतं आणि कुठे अडतं, हे मला ठाऊक आहे. माझा सल्ला असा: यादी बाजूला ठेवा. एकच अल्बम घ्या, तो कानात मुरू द्या, आणि मग त्यात वाजवणाऱ्यांची नावं धरून पुढच्या अल्बमकडे जा. १९५० आणि ६०च्या दशकांत न्यूयॉर्कमधले हे वादक सतत एकमेकांच्या रेकॉर्डिंगवर वाजवत होते. त्यामुळे अल्बमच्या मागे छापलेली पाच-सहा नावं हीच तुमची पुढची यादी असते.

काय लागेल

- बरे इयरफोन किंवा हेडफोन. फार महागडे नकोत, पण मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. मोबाइलचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही, आणि जॅझचा सगळा तोल बासवर असतो.
- युट्यूब, स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक यांपैकी काहीही. इथे सांगितलेले बहुतेक अल्बम तिथे सहज सापडतात.
- सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. जुन्या एलपीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं मावत, म्हणून बहुतेक अल्बम एवढ्याच लांबीचे आहेत.
- वादकांची नावं लिहायला एक वही.
- घरात हार्मोनियम असेल तर उत्तम. ती कशाला, ते पुढे येईलच.

ऐकण्यापूर्वी 'शफल' बंद करा. अल्बमची दोन बाजूंची मांडणी विचार करून केलेली असते. 'अभ्यासासाठी जॅझ', 'कॅफे जॅझ' असल्या प्लेलिस्टना तर या कामात हातही लावू नका. पार्श्वभूमीला वाजण्यासाठीच ते संगीत बनवलेलं असतं. कोण वाजवतंय हेच तिथे कळत नाही, मग पुढची वाट कशी सापडणार?

१. आधी आवर्तन ओळखा

जॅझच्या बहुतेक रचनांचा आराखडा साधा असतो. सुरुवातीला सगळे मिळून मूळ धून वाजवतात. मग एकेक जण त्याच धुनेच्या चौकटीत स्वतःचं काही उपजेनं रचत जातो, त्याला सोलो म्हणतात. शेवटी पुन्हा मूळ धून. ही चौकट एकदा पूर्ण वाजली की एक 'कोरस' झाला. आपल्या भाषेत एक आवर्तन.

दोन चौकटी वारंवार भेटतात. एक ब्लूजची (आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीतातून आलेला गानप्रकार), बारा बारची. बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट, आपल्या विभागासारखा. चार मात्रांचा बार धरला तर ४८ मात्रा. दुसरी बत्तीस बारची: आठ बारचा एक तुकडा दोनदा, मग आठ बारचा वेगळा तुकडा, मग पुन्हा पहिला. या झाल्या १२८ मात्रा.

ताल ऐकायची सवय असलेला माणूस इथेच अडतो. आपल्याकडे तबल्याचा ठेका सांगतो की आपण आवर्तनात कुठे आहोत. जॅझचा ड्रमर ते सांगत नाही. ते सांगतात बास आणि पियानो, बदलत्या कॉर्डमधून, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांमधून. सम शोधायची तर ड्रम्सकडे कान लावून उपयोग नाही, खालच्या स्वरांकडे लावा. शिवाय टाळी एक आणि तीनवर देऊ नका, दोन आणि चारवर द्या. ड्रमरच्या पायाखालची हाय-हॅटची झांज तिथेच बंद होते. सुरुवातीला हात आपोआप एकवर जातो, पण दोन-तीन रचनांनंतर जमतं आणि मग स्विंग म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

२. पहिला अल्बम: 'काइंड ऑफ ब्लू'

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा हा अल्बम १९५९ सालचा. २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये तो रेकॉर्ड झाला आणि ऑगस्टमध्ये बाजारात आला. सगळेच हा सुचवतात, म्हणून वेगळं काही सुचवायचा मोह अनेकांना होतो. मी तो टाळतो, कारण रागसंगीत ऐकलेल्या कानांना याच्याइतका जवळचा दुसरा अल्बम मला माहीत नाही.

कारण तांत्रिक आहे आणि सोपं आहे. त्याआधीच्या बीबॉप शैलीत कॉर्ड दर बारला, कधी अर्ध्या बारला बदलत. वादकाची अर्धी शक्ती त्या बदलांमागे धावण्यात जाई. डेव्हिसनं इथे एकेका स्वरसमूहावर आठ-आठ, सोळा-सोळा बार थांबायचं ठरवलं. म्हणजे वादकाला स्वराशी बसायला वेळ मिळाला.

आता हार्मोनियम काढा. पहिली रचना 'सो व्हॉट' लावा. पांढरी दोनचा सा धरा आणि काफी थाटाचे स्वर वाजवा: कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. पहिल्या सोळा बारचं सामान एवढंच आहे. पुढच्या आठ बारांना हेच सगळं अर्ध्या स्वरानं वर सरकतं, सा काळी दोनवर जातो, आणि शेवटच्या आठ बारांना परत खाली येतो. हे वर सरकणं आणि खाली उतरणं कानाला कळू लागलं, की बत्तीस बारचं आवर्तन तुमच्या हातात आलं. अर्थात हा काफी राग नाही. पकड, चलन, वादी-संवादी असलं काही इथे शोधू नका, नाहीतर विनाकारण निराश व्हाल.

एक खाचखळगा: मूळ रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी टेपयंत्राचा वेग थोडा चुकला होता. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या वाजतात. १९९०च्या दशकात हे दुरुस्त झालं. तुमची हार्मोनियम जुळत नसेल तर कॉपी जुनी आहे, किंवा हार्मोनियमच उतरली आहे.

३. तोच अल्बम, दर वेळी एक वाद्य

पहिल्यांदा नुसता ऐका, काही शोधू नका. त्यानंतर दर वेळी एकाच माणसाच्या मागे जा.

एकदा फक्त पॉल चेंबर्सचा बास. 'सो व्हॉट'मध्ये मूळ धून बासच वाजवतो आणि बाकीचे दोन स्वरांत त्याला उत्तर देतात. त्यानंतर तो चालू लागतो, दर मात्रेला एक स्वर, आणि थांबत नाही.

मग जिमी कॉबचे ड्रम्स. धून संपून डेव्हिसचा सोलो सुरू होतो त्या क्षणी कॉबनं झांजेवर दिलेला एकच आघात ऐका. पुढचे काही सेकंद तो हवेत विरत राहतो आणि त्याच्या आतून ट्रम्पेट सुरू होतो. मला अख्ख्या अल्बममधला हा सर्वांत आवडता क्षण.

मग एकापाठोपाठ येणारे तिघे ऐका. आधी ट्रम्पेटवर डेव्हिस: कमी स्वर, भरपूर मोकळी जागा. मग टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन: दाट, शोधत जाणारा, अस्वस्थ. मग आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली: उजळ, ब्लूजमध्ये भिजलेला. तिघांनाही त्याच स्वरांची तीच दोन आवर्तनं मिळतात. एकच बंदिश तीन घराण्यांच्या गायकांनी लागोपाठ गावी असा हा प्रकार आहे. त्यानंतर बिल एव्हन्सचा पियानो येतो. नवख्या कानाला तो सोलोसारखा वाटतच नाही, कारण तो धून विणण्याऐवजी कॉर्डचे ढग सोडतो.

बारा बारचं ब्लूज मोजायचं तर 'ऑल ब्लूज' घ्या. तिथे झुलता सहाचा ठेका आहे, त्यामुळे मोजणं सुखाचं जातं. 'ब्लू इन ग्रीन' मात्र मोजू नका, ती रात्री ऐका.

तिन्ही वाऱ्याची वाद्यं आवाजावरून न चुकता ओळखता येऊ लागली, की पुढची पायरी. तोवर दुसरा अल्बम उघडू नका. घाई हीच या छंदातली सर्वांत मोठी अडचण आहे.

४. आता नावं धरून निघा

*अ‍ॅडर्ली आवडला असेल तर* 'समथिंग एल्स' (१९५८). अल्बम त्याच्या नावावर आहे आणि डेव्हिस त्याच्या साथीला ट्रम्पेटवर आहे, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट. पहिली रचना 'ऑटम लीव्ह्ज' जवळजवळ अकरा मिनिटांची आहे. इथे ड्रम्सवर आर्ट ब्लेकी आहे. त्याचं नाव वहीत लिहा आणि त्याच्या स्वतःच्या 'मोनिन' या अल्बमकडे जा, तोही १९५८मध्येच रेकॉर्ड झालेला. शीर्षकरचना पियानिस्ट बॉबी टिमन्सची. पियानो एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे चर्चमधल्या 'आमेन'सारखं उत्तर देतात. भजनातला म्होरक्या आणि टाळकरी ऐकत वाढलेल्या माणसाला इथे काहीही समजावावं लागत नाही. मित्राला जॅझची पहिली ओळख दहा मिनिटांत करून द्यायची झाली, तर मी हीच रचना लावतो.

'मोनिन'मध्ये ट्रम्पेटवर ली मॉर्गन आहे. तो कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन' (१९५७) वरही आहे, आणि तिथे बासवर पुन्हा आपला पॉल चेंबर्स. 'समथिंग एल्स', 'मोनिन' आणि 'ब्लू ट्रेन' हे तिन्ही अल्बम न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्ड झाले आहेत. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि उरलेल्या वेळात हे काम करायचा. तीन अल्बम ओळीनं ऐकलेत तर त्या खोलीचा आवाजही ओळखू येऊ लागतो.

*कोल्ट्रेन आवडला असेल तर* 'ब्लू ट्रेन' नंतर थेट 'अ लव्ह सुप्रीम'कडे धावू नका. मध्ये 'बॅलड्स' (१९६३) ऐका. हाच दाट वाजवणारा माणूस संथ प्रेमगीतं किती कमी स्वरांत वाजवतो, ते कळल्याशिवाय त्याचा पुढचा आवेश नुसता गोंगाट वाटेल. मग ९ डिसेंबर १९६४ला व्हॅन गेल्डरच्या नव्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेला 'अ लव्ह सुप्रीम' घ्या. चार भाग, जेमतेम तेहतीस मिनिटं, ईश्वराला वाहिलेली. बासचे चार स्वर पहिल्या भागाचा पाया आहेत. कोल्ट्रेन ते बारा वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरवतो आणि शेवटी तेच तोंडानं जपासारखे म्हणतो. चौथ्या भागात अल्बमसोबत छापलेली त्याचीच प्रार्थना तो सॅक्सोफोनवर अक्षर-अक्षर 'म्हणतो'. ती कविता समोर ठेवून तो भाग ऐका, शब्द आणि सूर एकमेकांवर बसताना स्पष्ट कळतात. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची मनापासून ओढ होती. त्यानं १९६५मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं.

*बिल एव्हन्स आवडला असेल तर* 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. २५ जून १९६१, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमधला रविवार. पेल्यांची किणकिण, लोकांचं बोलणं, सगळं ऐकू येतं. इथे बास मागे राहत नाही. स्कॉट लाफारो पियानोशी बरोबरीनं संवाद करतो. या रेकॉर्डिंगनंतर अवघ्या अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांत एकाच रचनेची दोन-दोन वादनं लागोपाठ घातलेली असतात. ती संग्राहकांसाठी ठीक, तुम्ही आधी मूळ सहाच रचना त्यांच्या क्रमानं ऐका. 'बोनस ट्रॅक'बद्दलचा हा नियम सगळ्याच अल्बमना लावा.

५. गळा हवा असेल तर

वाद्यसंगीतात मन रमत नसेल तर 'एला अँड लुई' (१९५६) पासून सुरुवात करा: एला फिट्झजेराल्ड, लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर ऑस्कर पीटरसन. त्यानंतर एलाचं १९६०चं बर्लिनमधलं ध्वनिमुद्रण. 'मॅक द नाइफ' गाताना ती मधेच शब्द विसरते आणि 'शब्द विसरले' हेच चालीत, तालात गात पुढे जाते. उपज म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला धडा नाही.

६. तालाची आवड असेल तर

पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट' (१९५९). १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेली नऊची लय त्यानं 'ब्लू राँडो आ ला टर्क'मध्ये वापरली: २-२-२-३. त्याच दौऱ्यात तो मुंबईलाही आला होता आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवून गेला. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांची आहे, पण अर्धा झपताल समजून मोजाल तर घसराल. झपताल २-३ असा चालतो, ही ३-२ अशी.

७. मग मागे जा

इतिहासाच्या क्रमानं, म्हणजे १९२०च्या दशकापासून सुरुवात करणं शिस्तीचं वाटतं. तसं करू नका. त्या रेकॉर्डांचा खरखरीत आवाज आणि तीन मिनिटांची मर्यादा नवख्याला दूर लोटते. आता मात्र कान तयार झाला आहे. आर्मस्ट्राँगची १९२८ची 'वेस्ट एंड ब्लूज' लावा. सुरुवातीला साथीशिवाय एकटा ट्रम्पेट काही सेकंदांत जे करतो, त्यातून पुढचे सगळे सोलोवादक निघाले आहेत.

नंतर ड्यूक एलिंग्टनचा १९५६च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातला कार्यक्रम. पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोनवर बारा बारच्या ब्लूजची सलग सत्तावीस आवर्तनं वाजवतो आणि समोरचे लोक वेडे होतात. मोजत ऐका, आता मोजता येतील. आडनावावरून तो गोव्याचा वाटेल, पण त्याचे आईवडील केप वर्दे बेटांवरचे, तेही पोर्तुगीज वसाहतच. हा कार्यक्रम घेताना १९९९ची संपूर्ण आवृत्ती घ्या, कारण मूळ एलपीत काही भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून भरला होता. एलिंग्टनचा वाद्यवृंद १९६३मध्ये भारतात आला होता. त्या दौऱ्यातून आलेल्या 'फार ईस्ट स्वीट' (१९६७) मध्ये दिल्लीत ऐकलेल्या मैनेच्या शिळेवरची एक रचना आहे.

हे संगीत आपल्या कानांना तसं नवं नाही. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन अ‍ॅबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे आफ्रिकी-अमेरिकी वादक वाजवत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते उचललं, आणि तेच वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, हे सी. रामचंद्रांचे सहायक होते. 'अलबेला' (१९५१) मधलं 'शोला जो भडके' आर्मस्ट्राँगनंतर लगेच ऐका, त्यातली वाऱ्याची वाद्यं वेगळीच ऐकू येतील.

८. आणि पुढे

डेव्हिसच्या साथीदारांची साखळी १९६०च्या दशकात पियानोवादक हर्बी हॅनकॉकपर्यंत येते. त्याचा 'मेडन व्हॉयेज' (१९६५) घ्या, सागराची कल्पना मनात धरून रचलेला, शांत आणि मोकळा. मग डेव्हिसचाच 'इन अ सायलेंट वे' (१९६९), ज्यात विजेची वाद्यं येतात. तिथे गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन भेटतो. त्याचं नाव धरा, आणि पुढच्याच उडीत तुम्ही त्याच्याच 'शक्ती' या गटाच्या पहिल्या अल्बमवर (१९७६) पोचता, जिथे तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन आहेत, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटम् वाजवायला विक्कू विनायकराम. मुंबईचेच त्रिलोक गुर्टू, शोभा गुर्टूंचे चिरंजीव, पुढे याच मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटात तालवाद्यं वाजवत होते.

ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ' (१९६१) आणि कोल्ट्रेनची १९६५ नंतरची रेकॉर्डिंगं इथपर्यंत राखून ठेवा. चौकट मोडल्याचा अर्थ चौकट ओळखीची झाल्यावरच लागतो.

९. प्रत्यक्ष ऐका

मुंबईत असाल तर एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. ३० एप्रिल हा युनेस्कोनं जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, त्याच्या आसपास पुण्या-मुंबईत आणि गोव्यात काही ना काही होण्याची शक्यता असते. बासवादकाचे हात दिसतील अशी जागा धरा. प्रत्येक सोलो संपल्यावर, रचना चालू असतानाच टाळ्या वाजवायची रीत आहे, तेव्हा संकोच नको.

मध्यंतरात वादकांना रचनांची नावं विचारा. ते आनंदानं सांगतात. घरी येऊन त्याच रचनेची वेगवेगळ्या लोकांची रेकॉर्डिंगं शोधा. ती 'ऑटम लीव्ह्ज' निघाली तर अ‍ॅडर्लीची तुम्ही ऐकलेलीच आहे. आता बिल एव्हन्सच्या 'पोर्ट्रेट इन जॅझ'मधली ऐका. ती डिसेंबर १९५९मध्ये रेकॉर्ड झाली आहे आणि तिथे बासवर स्कॉट लाफारोच आहे.